मूल कोणाचें?

जातककथांत महोषध पंडिताची एक गोष्ट आहे. एका तान्ह्या मुलावर दोन स्त्रिया हक्क सांगत होत्या. त्यांपैकीं एक त्याची खरी आई होती व दुसरी स्त्रीचें रूप घेतलेली यक्षिणी होती. पंडितानें जमिनीवर एक रेघ ओढली, मुलाला तिच्यावर निजविलें, यक्षिणीच्या हातीं त्याचे हात व आईच्या हातीं त्याचे पाय दिले, आणि सांगितलें कीं, जी त्याला आपल्या बाजूस ओढून घेईल तिचें तें मूल. ओढाओढ सुरू होतांच मूल कळवळून रडलें आणि आईनें आपले हात सोडून दिले. जिनें हात सोडले तीच आई, असा पंडितानें निवाडा केला आणि सभेनें त्याची वाहवा केली.

न्यायाधीशाच्या चातुर्याचा नमुना म्हणून ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. परंतु आजच्या कुटुंब न्यायालयांतील न्यायाधीशाला तिचा फारसा उपयोग होत नाहीं. त्याच्यासमोर रेघेच्या दोन बाजूंना उभीं असलेलीं दोन्ही माणसें खरीं असतात. एक खरी आई असते, दुसरा खरा बाप असतो. यक्षिणी त्यांत कोणीच नसते. शिवाय हात सोडणाराला मूल मिळेल असा नियम तेथें नाहीं. उलट, जो हात सोडतो त्याच्या हातून मूल कायमचें जाईल ही भीति दोघांच्याही मनांत असते. म्हणून हात कोणीच सोडीत नाहीं, आणि रेघेवरचें मूल रडत राहतें. अशा वेळीं मूल कोणाकडे जावें हें कसें ठरतें, आणि कसें ठरावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

विवाहविच्छेद ही गोष्ट महाराष्ट्राला अगदींच अपरिचित होती असें नव्हे. पुष्कळ जातींतून काडीमोडीची रूढि जुन्या काळापासून चालत आली होती. गोव्यांत पोर्तुगीज राजवटींत १९१० सालींच घटस्फोटाचा कायदा आला. मुंबई प्रांतानें १९४७ सालीं हिंदूंसाठीं घटस्फोटाचा कायदा केला, आणि १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें तो मार्ग साऱ्या देशांतील हिंदूंना मोकळा झाला. तरीहि शहरांतील पांढरपेशा घरांत हा विषय कित्येक वर्षें दार लावून, हलक्या आवाजांतच बोलला जात असे. आतां तो शेजारच्या बिऱ्हाडांतला, पुष्कळदां स्वतःच्याच घरांतला झाला आहे. आणि त्याबरोबर गैरसमजहि घराघरांत शिरले आहेत. आई नोकरी करते म्हणून मूल बापाला मिळणार; बापाचा पगार मोठा म्हणून मूल त्यालाच मिळणार; मुलगी आईची आणि मुलगा बापाचा; लग्न जिनें मोडलें तिला मूल मिळणार नाहीं : अशीं विधानें आतेमामे छातीठोकपणें करतात. यांतलें एकहि विधान कायद्याच्या कसोटीला जसेंच्या तसें उतरत नाहीं.

पहिली गोष्ट अशी कीं, या वादांत तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत नेहमीं होते. एक पालकत्व, दुसरी ताबा आणि तिसरी भेट. अज्ञान मुलाच्या वतीनें निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार म्हणजे पालकत्व. मुलाची मालमत्ता, त्याचें शिक्षण, त्याचें पारपत्र, त्याच्यावर करावयाची शस्त्रक्रिया अशा बाबी त्यांत येतात. मूल रात्रीं कोणाच्या घरीं निजतें, सकाळीं त्याचा डबा कोण भरतें, ताप आल्यावर उशाशीं कोण बसतें, हा ताब्याचा प्रश्न. आणि ज्याच्या घरीं मूल राहत नाहीं त्याला तें केव्हां, कोठें व किती वेळ दिसावें, हा भेटीचा प्रश्न. हे तिन्ही अधिकार एकाच माणसाच्या हातीं असलेच पाहिजेत असें नाहीं. बाप पालक असूनहि ताबा आईकडे असूं शकतो, आणि ताबा एकाकडे गेला म्हणून दुसऱ्याचें पितृत्व वा मातृत्व संपत नाहीं.

मुलावर पहिला हक्क कोणाचा, या प्रश्नाला पावणेदोनशें-दोनशें वर्षांपूर्वीं इंग्लंडांत एकच उत्तर होतें : बापाचा. आईला मुलाकडून आदर मिळावा, पण अधिकार मुळींच नसावा, अशी तेथील कायद्याची वृत्ति होती. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे तिच्या नवऱ्यानें १८३६ सालीं तिच्यापासून दूर नेले आणि त्यांचें दर्शनहि तिला दुर्लभ केलें. तिनें पत्रकें लिहिलीं, पार्लमेंटांतल्या मंडळींना गांठलें, आणि १८३९ सालीं कायदा झाला कीं, सात वर्षांच्या आंतील मुलांचा ताबा मिळावा म्हणून आईनें न्यायालयाकडे अर्ज करावा. आज हें फार थोडें वाटतें. त्या काळीं आईला न्यायालयाचें दार प्रथमच उघडें झालें होतें.

हिंदुस्थानाशीं जिचें नांव कायमचें जोडलेलें आहे त्या ॲनी बेझंट बाईंना याच प्रश्नाचा चटका दोनदां बसला. पाद्री असलेल्या पतीपासून त्या १८७३ सालीं विभक्त झाल्या, तेव्हां मुलगा बापाकडे व मुलगी आईकडे अशी वांटणी झाली होती. परंतु १८७८ सालीं इंग्लंडांतील न्यायालयानें मुलगीहि त्यांच्यापासून काढून घेतली. मुलीचें संगोपन त्या नीट करीत नाहींत असा आरोप नव्हता. त्या नास्तिक आहेत, आणि संततिनियमनावरील एक पुस्तिका त्यांनीं प्रसिद्ध केली, हा त्यांचा अपराध होता. पुढें दोन्ही मुलें मोठीं झाल्यावर आपण होऊन आईकडे परत आलीं, ही गोष्ट त्या निकालावरची सर्वांत बोलकी टीका म्हणावी लागेल.

दुसरा प्रसंग मद्रासचा. जिद्दू नारायणैया या गृहस्थांनीं १९१० सालीं आपले दोन मुलगे, कृष्णमूर्ति आणि नित्यानंद, बेझंट बाईंच्या स्वाधीन केले होते. १९१२ सालीं त्यांनीं ते परत मागण्यासाठीं दावा लावला. मद्रासच्या न्यायालयानें १९१३ सालीं बापाच्या बाजूनें निकाल दिला. १९१४ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें तो फिरविला. मुलें त्या वेळीं इंग्लंडांत शिकत होतीं. ज्या जिल्ह्यांत दावा लावला तेथें तीं राहतच नव्हतीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्यांच्याविषयीं एवढा वाद चालला त्यांचें मत कोणी विचारलेंच नव्हतें. बापाचें पालकत्व ही त्याच्याकडे सोंपविलेली विश्वासाची ठेव आहे हें या निकालानें मान्य केलें. पण त्याचबरोबर मुलांचें हित व मुलांची इच्छा यांना बाजूला सारून ती ठेव मोजतां येणार नाहीं, हेंहि सांगितलें. छत्तीस वर्षांपूर्वीं स्वतःची मुलगी गमावलेली स्त्री या दुसऱ्या खटल्यांत बापाविरुद्ध उभी होती, हा इतिहासाचा एक विलक्षण योगायोग.

या देशांत या विषयावरचा मूळ कायदा १८९० सालचा पालक व पाल्य कायदा होय, आणि तो आजहि चालू आहे. पालक नेमतांना न्यायालयानें मुलाचें वय, तें मुलगा आहे कीं मुलगी, त्याचा धर्म, पालक होऊं इच्छिणाऱ्याचें शील व योग्यता, नात्याची जवळीक, या साऱ्यांचा विचार करावा असें त्यांत सांगितलें आहे. आणि मूल समंजसपणें आपली पसंती सांगण्याइतकें मोठें असेल तर तीहि लक्षांत घ्यावी असें म्हटलें आहे. सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या कायद्यांत मुलाच्या पसंतीचा उल्लेख असावा ही आश्चर्याची व समाधानाची गोष्ट आहे. मात्र त्याच कायद्यांत, बाप हयात व लायक असतां दुसरा पालक नेमूं नये असेंहि एक कलम होतें. त्यांत बापाच्या जोडीला आईचें नांव घालण्यासाठीं २०१० साल उजाडावें लागलें.

कायद्याच्या अक्षरांपेक्षां न्यायाधीशांची दृष्टि पुष्कळदां पुढें गेली, हेंहि सांगितलें पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल १९४१ सालच्या निकालसंग्रहांत छापला गेला आहे. आईबापांच्या भांडणांत अडकलेल्या एका लहान मुलाचा तो खटला होता. न्यायालयापुढचा प्रश्न बापाच्या हिताचा नाहीं आणि आईच्याहि हिताचा नाहीं, तो केवळ त्या मुलाच्या हिताचा आहे. आणि आई लायक असेल तर कोवळ्या वयांत तिची जागा दुसरें कोणी भरून काढूं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. स्वातंत्र्यापूर्वीं मुंबईंत काढलेले हे उद्गार पुढें देशभरच्या न्यायालयांनीं वारंवार आधारास घेतले आहेत.

हिंदूंसाठीं १९५६ सालीं अज्ञानत्व व पालकत्व यांचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या सहाव्या कलमांत म्हटलें आहे कीं, अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्या मागून आई. परंतु पांच वर्षें पुरीं न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा. तेराव्या कलमांत याहून मोठें सूत्र आहे : पालकत्वाच्या कोणत्याहि प्रश्नांत मुलाचें कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार. सहाव्या कलमानें बापाला जें दिलें त्यावर तेराव्या कलमाचा अंकुश आहे, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

‘त्याच्या मागून’ या दोन शब्दांनीं पुढें चाळीस वर्षें स्त्रियांची वाट अडविली. बाप जिवंत आहे तोंवर आई पालक नव्हेच, असा त्यांचा अर्थ कचेऱ्यांतून लावला जाई. इंग्रजी कादंबरीकार गीता हरिहरन यांनीं व त्यांच्या पतीनें १९८४ सालीं आपल्या मुलाच्या नांवें रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठीं अर्ज केला. अर्जावर पालक म्हणून आईची सही होती, आणि पतीची त्याला पूर्ण संमति होती. तरीहि बापाची सही हवी असें उत्तर आलें. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. १९९९ सालीं न्यायालयानें निकाल दिला कीं, ‘मागून’ याचा अर्थ केवळ ‘मरणानंतर’ असा घ्यावयाचा नाहीं. बाप दूर असेल, मुलाविषयीं उदासीन असेल, असमर्थ असेल किंवा दोघांनीं तसें ठरविलें असेल, तर बापाच्या हयातींतहि आई पालक होऊं शकते. कलमाचे शब्द मात्र अजून जसेच्या तसे आहेत. बदलला तो त्यांचा अर्थ.

मुसलमानांच्या कायद्यांत लहान मुलाला सांभाळण्याच्या आईच्या हक्काला हिजानत असें नांव आहे. हनफी पंथांत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयांत येईपर्यंत तो आईकडे राहतो. शिया पंथांत मुलगा दोन वर्षांचा व मुलगी सात वर्षांची होईपर्यंत. पालकत्व मात्र बापाचें. पारशी लोकांच्या १९३६ च्या विवाह कायद्यांत, ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यांत व १९५४ च्या विशेष विवाह कायद्यांतहि मुलांच्या ताब्याविषयीं हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आहे. वाटा निरनिराळ्या असल्या तरी त्या साऱ्या हळूहळू एकाच चौकाशीं येऊन मिळत आहेत, आणि त्या चौकाचें नांव ‘मुलाचें कल्याण’ हें आहे.

आतां हें कल्याण प्रत्यक्षांत मोजतात कसें? त्यासाठीं १९८४ च्या कायद्यानें कुटुंब न्यायालयें निर्माण केलीं. मुंबईचें कुटुंब न्यायालय १९८९ सालीं सुरू झालें. आज तें वांद्रे-कुर्ला संकुलांत भरतें. ताब्याचा अर्ज सामान्यतः मूल जेथें राहतें तेथल्या न्यायालयांत करावा लागतो. प्रथम समेटाचा प्रयत्न करणें हें या न्यायालयांचें कर्तव्यच आहे, आणि त्यासाठीं तेथें समुपदेशक नेमलेले असतात. वकील घेण्याचा हक्क पक्षकाराला आपोआप नसून न्यायालयाची परवानगी लागते. कारण या खटल्यांत कायद्याच्या शब्दच्छलापेक्षां घरांतल्या वस्तुस्थितीला महत्त्व असावें, अशी कायदा करणारांची अपेक्षा होती. समुपदेशक आईशीं बोलतात, बापाशीं बोलतात, आणि मुलाशीं वेगळें बोलतात. प्रसंगीं घरीं जाऊन मूल कोठें अभ्यास करतें, कोठें निजतें, आजीशीं त्याचें कसें जमतें, हें पाहून येतात. अंतिम निकालाला वर्षेंच्या वर्षें लागूं शकतात. म्हणून मध्यंतरीं मूल कोठें राहील, भेट कशी होईल, खर्च कोण देईल, याचा तात्पुरता हुकूम आधीं दिला जातो. हा तात्पुरता हुकूम फार महत्त्वाचा असतो. दोन वर्षें मूल एका घरीं रुळलें, तेथल्या शाळेंत त्याचे सवंगडी झाले, म्हणजे पुढें तेथून त्याला उपटणें हेंच त्याच्या अकल्याणाचें ठरूं शकतें.

न्यायाधीश ज्या गोष्टी तपासतात त्यांची यादी कायद्यांत कोठेंहि पुरी केलेली नाहीं, आणि तें योग्यच आहे. पैशाचा विचार होतो, पण पैसा निर्णायक नसतो. कारण ज्याच्याकडे पैसा आहे त्याला पोटगी द्यावयास लावतां येतें, परंतु ज्याच्याकडे वेळ व माया नाहीं त्याला ती द्यावयास लावतां येत नाहीं. आई नोकरी करते हा दोष ठरत नाहीं. ती नोकरीवर गेल्यावर मुलाकडे कोण पाहतें, एवढाच प्रश्न विचारला जातो. नवराबायकोच्या भांडणांत चूक कोणाची हा एक प्रश्न, आणि आईबाप म्हणून कोण कसें आहे हा दुसरा. वाईट नवरा हा चांगला बाप असूं शकतो, आणि जिला पत्नीपद पेललें नाहीं तिला आईपण उत्तम पेललेलें असूं शकतें. मात्र मारहाण, दारू, मुलासमोर होणारा छळ, यांची दखल घ्यावीच लागते. भावंडांची ताटातूट शक्यतों टाळली जाते. आजीआजोबांचा आधार कोणत्या घरीं आहे हेंहि पाहिलें जातें.

पांच वर्षांच्या आंतील मुलाच्या बाबतींत आईचें पारडें जड धरलें जातें. २०१५ सालीं गोव्यांतील एका दांपत्याचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढें आला. खालच्या न्यायालयानें तान्हें मूल आईच्या ताब्यांत दिलें होतें, उच्च न्यायालयानें तो हुकूम बदलला होता. सर्वोच्च न्यायालयानें मूल पुन्हां आईकडे दिलें आणि सांगितलें कीं, एवढ्या लहान वयांत आपण योग्य आहोंत हें आईनें सिद्ध करावयाचें नसून, ती अयोग्य आहे हें बापानें दाखवावयाचें आहे. पण यावरून पांच वर्षें पुरीं झालीं कीं मूल आपोआप बापाकडे जातें, असा जो समज आहे तोहि तितकाच चुकीचा. पांचव्या वाढदिवसानंतर मुलाच्या कल्याणाचा विचार मोकळेपणानें करावयाचा, एवढेंच कायदा सांगतो.

या साऱ्या कामांत सर्वांत नाजूक क्षण कोणता असेल तर तो न्यायाधीश मुलाशीं स्वतः बोलतात तो. हें बोलणें भर न्यायालयांत होत नाहीं. न्यायाधीश आपल्या दालनांत, आईबापांना बाहेर बसवून, मुलाशीं गप्पा मारतात. शाळेंत काय शिकवलें, मित्र कोण, रविवारीं काय केलें, असे साधे प्रश्न असतात. ‘तुला कोणाकडे राहावयाचें?’ हा प्रश्न शहाणा न्यायाधीश एकदम विचारीत नाहीं. कारण त्या प्रश्नाचें कोणतेंहि उत्तर देणें म्हणजे दोघांपैकीं एकाचा द्रोह करणें, असें मुलाला वाटतें. सात-आठ वर्षांचें मूल जेव्हां ‘बाबा माझी जबाबदारी घेण्यास असमर्थ आहेत’ असें वाक्य बोलतें, तेव्हां तें वाक्य कोणाचें आहे हें ओळखावयास फार अनुभव लागत नाहीं. पढविलेलें मूल पाठ म्हणून दाखवितें आणि मग खिडकीकडे पाहत बसतें. मुलाची इच्छा विचारांत घ्यावयाची असते, पण ती हुकूम नव्हे. जें घर लाड करतें, अभ्यासाचा तगादा लावीत नाहीं, त्या घराची ओढ मुलाला वाटणें साहजिक आहे; तेंच घर त्याच्या हिताचें असेल असें नाहीं.

मुलाला दुसऱ्याविषयीं विष पाजणें हा या खटल्यांतला सर्वांत हलका आणि सर्वांत घातक डाव होय. ताबा ज्याच्याकडे आहे तो म्हणतो, मूलच जावयास तयार नाहीं, मीं काय करावें? वस्तुतः शाळेंत जावयासहि मूल पुष्कळ दिवशीं तयार नसतें, आणि तेव्हां कोणी त्याचें ऐकत नाहीं. १९७३ सालच्या एका निकालांत सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे कीं, मुलें हीं आईबापांची मालमत्ता नव्हेत किंवा खेळणींहि नव्हेत. २०२० सालच्या दुसऱ्या एका निकालांत त्यानें असें म्हटलें कीं, दोघांचाहि सहवास व प्रेम मिळणें हा मुलाचा हक्क आहे. म्हणून ताबा एकाला देतांना दुसऱ्याच्या भेटीची वेळ, जागा व रीत न्यायालयानें नीट आंखून द्यावी, आणि दूर राहणाऱ्या आईला वा बापाला दूरध्वनीच्या पडद्यावरून तरी मुलाशीं बोलतां यावें. भेट ही मोठ्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे, तें मुलाचें देणें आहे, अशी ही दृष्टि आहे.

भेटीचे हुकूम वाचावयास रूक्ष वाटतात. शनिवारीं सकाळीं दहापासून रविवारीं सायंकाळीं सहापर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग. दिवाळीचे दोन दिवस. वाढदिवसाला दोन तास. आरंभीं जेथें विश्वास मुळींच उरलेला नसतो, तेथें भेट न्यायालयाच्याच इमारतींत, खेळणीं ठेवलेल्या खोलींत, दुसऱ्याच्या नजरेखालीं होते. अशा खोलींत एखादा बाप खाऊचा पुडा घेऊन वेळेआधीं येऊन बसतो, आणि मूल आल्यावर काय बोलावें हेंच त्याला सुचत नाहीं. कारण घरांत असतांना तो मुलाशीं ठरवून कधीं बोललाच नव्हता. पुष्कळ पुरुष या खोलींतच प्रथम बाप होतात, असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पोटगी थकली म्हणून भेट नाकारतां येत नाहीं, आणि भेट नाकारली म्हणून पोटगी थांबवितां येत नाहीं. दोन्ही देणीं मुलाचीं आहेत. त्यांचा परस्परांशीं सौदा होत नाहीं.

ताब्याचा हुकूम हा दगडावरचा लेख नसतो. मूल वाढतें, परिस्थिति पालटते, आई किंवा बाप दुसरें लग्न करतो, गांव बदलतो. मग नवा अर्ज करून हुकूम बदलून मागतां येतो. मूल अठरा वर्षांचें होईपर्यंत न्यायालयाचें दार उघडें राहतें. हीच या खटल्यांची शक्ति, आणि हाच त्यांचा शाप. भांडणाची हौस असलेल्या आईबापांना अठरा वर्षें पुरेल इतकें काम हा कायदा देऊं शकतो.

ज्यांचीं मुलें परदेशांत नोकरीला आहेत अशा पुण्यामुंबईच्या कुटुंबांना आणखी एक पेंच माहीत असावा. संसार अमेरिकेंत मोडतो, आणि दोघांपैकीं एक जण मुलाला घेऊन माहेरीं वा घरीं परततो. तिकडचें न्यायालय मूल परत पाठवा म्हणतें. मुलांना असें परदेशीं नेण्यासंबंधीं १९८० सालीं हेग येथें एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यांत सामील झालेला नाहीं. त्यामुळें इकडचीं न्यायालयें परकी हुकूम आपोआप अंमलांत आणीत नाहींत. तो हुकूम विचारांत घ्यावयाची एक बाब आहे, पण शेवटचा शब्द मुलाच्या कल्याणाचा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं म्हटलें आहे. परंतु येथें मिळालेला दिलासा तेथें चालत नाहीं. ज्यानें मूल आणलें त्याला त्या देशांत पुन्हां पाऊल ठेवणें कठीण होतें, आणि मुलाच्या जगाचा अर्धा भाग नकाशावरूनच पुसला जातो.

कायदा आयोगानें २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालांत सुचविलें होतें कीं, आई व बाप यांना पालक म्हणून समान दर्जा असावा, आणि जेथें मुलाच्या हिताचें असेल तेथें संयुक्त ताब्याचा मार्ग कायद्यांत स्पष्टपणें घालावा. संसदेनें त्याचा कायदा अद्याप केलेला नाहीं. तथापि परस्परसंमतीनें घटस्फोट घेणारीं पुष्कळ जोडपीं आपल्या करारांत अशी व्यवस्था स्वतःच लिहून आणतात, आणि न्यायालयें ती मुलाच्या हिताशीं ताडून पाहून मान्य करतात. संयुक्त ताबा म्हणजे मुलाचे दिवस तराजूंत घालून निम्मेनिम्मे वांटणें नव्हे. आठवड्याला दोन बिऱ्हाडें बदलणारें, एका घरीं पुस्तक व दुसऱ्या घरीं वही विसरणारें मूल सुखी होईलच असें नाहीं. शाळा कोणती, डॉक्टर कोण, मुंज करावयाची कीं नाहीं, गाणें शिकवावयाचें कीं पोहणें, हें दोघांनीं मिळून ठरविणें, आणि ठरल्यावर एकानें दुसऱ्याविरुद्ध मुलाच्या कानांत कुजबुज न करणें, हा त्याचा अर्थ आहे. जेथें एकाच्या हातून दुसऱ्याला मार बसत होता, तेथें अशी भागीदारी लादणें हा अन्यायच ठरेल. तेथें मुलाला व आईला आधीं निर्भय घर हवें. पण जेथें भांडण केवळ स्वभावांचें होतें, तेथें हा मार्ग अशक्य नाहीं.

महोषध पंडिताच्या सभेंत एका आईनें हात सोडले आणि न्याय झाला. आजच्या न्यायालयांत एकट्यानें हात सोडणें हा न्याय नव्हे. तो पुष्कळदां पराभव असतो, आणि मुलाच्या दृष्टीनें तो त्यागहि नसतो, तर टाकून जाणें असतें. येथें उपाय एकच दिसतो : दोघांनींही एकाच वेळीं पकड थोडी सैल करावी, इतकी कीं मुलाला दोन्ही हात धरतां यावेत, पण कोणाच्याहि हातून तें ओढलें जाऊं नये. हें करावयास कोणतेंहि कलम भाग पाडूं शकत नाहीं. न्यायाधीश वेळापत्रक आंखून देऊं शकतो. शनिवारीं सकाळीं दहा वाजतां मुलाचे केस विंचरून, त्याच्या पिशवींत आवडतें पुस्तक घालून, ‘बाबा वाट पाहत असतील, मजा कर,’ असें सांगून त्याला हंसतमुखानें दारापर्यंत पोंचविणें, आणि रविवारीं सायंकाळीं सहाच्या ठोक्याला त्याच मुलाला आईची निंदा न ऐकवतां परत आणून सोडणें, हें आईबापांनाच करावें लागतें. संसार मोडल्यावर दोन माणसांना एकमेकांसाठीं करण्यासारखें जें थोडें उरतें, तें हेंच होय. आणि मूल मोठें झाल्यावर कोणाच्या बाजूनें निकाल लागला हें न आठवतां, तें हेंच आठवतें.